घरच्या पोकरचा हिशोब शेवटी बसत नाही: कुठून तपासायचं, कुठे थांबायचं

लक्षणं

रात्री दीडला शेवटचा हात संपतो, सगळे आपापल्या चिप्स बँकरपुढे (पैसे घेऊन चिप्स देणाऱ्यापुढे) सरकवतात आणि तिथून आवाज चढायला लागतात. चिप्स मोजल्या तर नऊ हजार तीनशेच्या भरतात, पेटीत रोख मात्र नऊ हजार. कधी उलटं होतं, पेटीत पैसे जास्त आणि चिप्स कमी. कधी पेटी चोख जुळते, पण कोपऱ्यातला एकजण छातीवर हात ठेवून सांगतो, "मी दिलोय की ओ पाचशे, साडेदहालाच दिलोय." कधी सगळ्या बेरजा बरोबर येतात, फक्त जिंकलेल्याच्या हातात काही पडत नाही. "उद्या फोनपे करतो" एवढ्यावर त्याची बोळवण होते. आणि कधी पेटीचा संबंधच नसतो, मोठ्या पॉटमध्ये (मध्ये लावलेल्या पैशांच्या ढिगात) कोणाचं किती यावरून दोघं उभे राहिलेले असतात.

यातलं एखादं कधीतरी घडलं तर सोडून द्या. दर शनिवारी घडत असेल तर बिघाड माणसांत नाही, टेबल चालवण्याच्या पद्धतीत आहे.

मी दिवसा एका सोसायटीत कॅश सांभाळतो, म्हणून आमच्या गोतावळ्यात पोकरची पेटीही माझ्याच गळ्यात पडली. (पेटी म्हणजे कुंदा मिठाईचा रिकामा डबा. कुलूप नाही, झाकण घट्ट आहे.) बेळगावातली टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, पावसाळ्यात कोणाच्या तरी खानापूरच्या शेतघरी. घर बदलतं, भांडण तेच. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून डोक्याला ताप देणाऱ्या तपासणीपर्यंत लावलाय. वरून खाली या. पहिल्या पायऱ्या गाळून थेट एखाद्याच्या खिशाकडे बोट दाखवलं, आणि नंतर चिप बशीखाली सापडली, की तो माणूस पुन्हा तुमच्या घरी येत नाही.

पहिलं: कोणी उठायचं नाही

फरक दिसला की पैसे वाटणं थांबवा. एकाला जरी त्याचे पैसे देऊन घरी पाठवलं तर पुढची तपासणी अर्धवट राहते, कारण त्याच्या चिप्स डब्यात मिसळलेल्या असतात आणि तो हो-नाही सांगायला समोर नसतो.

मग शोधाशोध. सतरंजी उचला, गाद्या झटका, चहाच्या बशा उलट्या करा. शर्टाचे खिसे प्रत्येकाने स्वतः तपासायचे, दुसऱ्याने हात घालायचा नाही. सिगरेटला बाहेर जाताना माणूस नकळत दोन चिप्स खिशात टाकतो. हातात खेळवत असतो, त्या तशाच जातात. घरात लहान मूल असेल तर त्याची खेळणीही बघा.

याला पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात. पेटीत रोख जास्त आणि चिप्स कमी असतील तर बहुतेक वेळा गोष्ट इथेच मिटते.

दुसरं: पुन्हा मोजा, दुसऱ्याने मोजा

ज्याने मोजलं त्यानेच परत मोजू नये. डोळ्याला तीच चूक दुसऱ्यांदाही बरोबर दिसते. बँकेत नोटांचं बंडल दुसऱ्या हाताने तपासतात ते उगाच नाही.

वीस-वीसचे मनोरे करा, रंगाप्रमाणे, आणि सगळे शेजारी उभे करा. एकोणीसचा मनोरा शेजारच्यापेक्षा बुटका दिसतो, मोजावंही लागत नाही. पिवळ्या दिव्याखाली किंवा लाईट गेल्यावर मोबाईलच्या उजेडात हिरवी आणि काळी चिप एकसारखी दिसते. हिरवी पंचवीसची आणि काळी शंभरची असेल तर एका चिपमागे पंचाहत्तर रुपयांचा घोटाळा. पंचाहत्तर, दीडशे, सव्वादोनशे असा फरक आला की मी आधी हेच बघतो.

तिसरं: तीन आकडे समोरासमोर मांडा

खरी तपासणी ही. बहुतेक टेबलांवर लोक दोनच आकडे बघतात, पेटीतली रोख आणि चिप्स, आणि मग गोल गोल फिरतात. तिसरा आकडा वहीचा. कोणी किती आणि कधी घेतलं, कोणी मध्येच किती परत केलं, याची बेरीज-वजाबाकी. वही नसेल तर पुढचं वाचू नका, आधी दहा रुपयांची वही घ्या.

तीन आकड्यांतले कुठले दोन जुळतात ते बघायचं. तिसरा जो वेगळा पडतो, दोष तिथे.

वही आणि रोख जुळतात, चिप्स वेगळ्या: दोष चिप्समध्ये. कमी असतील तर हरवल्यात. जास्त असतील तर चिप्सच्या पेटाऱ्यातून न लिहिता बाहेर आल्यात. ते शोधायला पेटारा मोजा. पाचशे नगांचा संच असेल तर टेबलावरच्या आणि पेटाऱ्यातल्या मिळून पाचशेच भरायला हव्यात. पाचशेपेक्षा जास्त भरल्या तर चिप्स बाहेरून आल्यात. फाशाची नक्षी असलेला तो साडेअकरा ग्रॅमचा संच निम्म्या घरांत असतो. म्हणून आमच्याकडे मोठ्या किमतीच्या चिपवर कडेला नेलपॉलिशचा ठिपका आहे. रंग कुठला ते दर काही महिन्यांनी बदलतं.

वही आणि चिप्स जुळतात, रोख वेगळी: पैसे पेटीतून गेलेत किंवा आलेच नाहीत. सर्वांत आधी खाणं आठवा. वर दिलेल्या तीनशेच्या उदाहरणात मी पहिला प्रश्न हाच विचारीन, की अंडाबुर्जी-पाव कोणी आणले आणि पैसे कुठून दिले? दहातल्या नऊ वेळा कोणीतरी डब्यातून उचललेले असतात, चांगल्या मनाने, "नंतर टाकू" म्हणून. त्यानंतर सुट्ट्याचा घोळ. हजाराच्या चिप्स घेताना दोनदा पाचशे द्यायचे ते एकदाच दिले, किंवा दोनशे परत करायचे तिथे पाचशेची नोट गेली. मग फोनपे-गुगल पे, त्यावर पुढे येतो.

रोख आणि चिप्स जुळतात, वही वेगळी: कोणाचं नुकसान नाही, फक्त लिहायचं राहिलंय किंवा चुकीचं लिहिलंय. नेमकं याच वेळी लोक सर्वांत जास्त भांडतात, कारण वहीत ज्याच्या नावावर जास्त चढलंय त्याला वाटतं आपल्याला फसवलं. त्याला शांतपणे दोन ढीग दाखवा.

आता फरकाचा आकडा स्वतःच काय बोलतो ते बघा. ही युक्ती कॅश काउंटरची आहे. फरक नेमका एका बाय-इनएवढा (बसताना जेवढ्याच्या चिप्स घ्यायच्या तेवढा), म्हणजे पाचशे किंवा हजार, असेल तर एक रिबाय (संपल्यावर पुन्हा घेतलेल्या चिप्स) लिहायचा राहिला किंवा दोनदा लिहिला गेला. फरकाला नवाने भाग जात असेल तर आकडे उलटसुलट लिहिले गेलेत. ४५० चे ५४० झाले की फरक ९०, ७२० चे २७० झाले की ४५०. दर वेळी नवाच्या पाढ्यातलाच आकडा येतो. आणि फरक सम असेल तर त्याचा अर्धा करून तो आकडा वहीत शोधा. चारशे परत केलेले कोणी "घेतले" म्हणून लिहिले तर फरक आठशेचा दिसतो. अर्धे केले की चारशे, आणि ती ओळ लगेच सापडते. तीनशेला यातलं काहीच लागू पडलं नाही तर आपलं अंडाबुर्जीच.

चौथं: ऑनलाइन आलेले पैसे

"पाठवलो बघा" म्हणून मोबाईल नाचवला की चिप्स द्यायच्या नाहीत. स्क्रीनशॉट बघायचा नाही. बँकरने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यात जमा झालेलं बघायचं, मोठ्याने नाव आणि रक्कम म्हणायची, वहीत वेळेसकट लिहायची, आणि मग चिप्स. क्रम उलटा झाला की झालंच. स्क्रीनशॉट खोटा असतो असं नाही, बहुतेक वेळा खराच असतो. पण "प्रोसेसिंग" आणि "सक्सेसफुल" यांतला फरक रात्री बाराला कोणी वाचत नाही.

शहापुरातल्या एका घरी एका कापडवाल्या मित्राने शपथेवर सांगितलं की अकरा-बेचाळीसला हजार पाठवलेत. वहीत नोंद नाही, पेटीत नाहीत, बँकरच्या खात्यात नाहीत, चिप्स मात्र त्याला मिळालेल्या, कारण सगळे घाईत होते आणि हात मोठा होता. बँकर आडनावाने पाटील. अर्धा तास शब्दाला शब्द वाढला. शेवटी फोन मागून घेऊन नाव वाचलं तर पैसे "पाटील पिग्मी" या नावावर गेलेले, म्हणजे रोज संध्याकाळी दुकानात पिग्मी गोळा करायला येणाऱ्या एजंटाला! बेळगावात पाटील नावाचे निदान पाच नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात. दुसऱ्या दिवशी एजंटाने हसत हसत परत केले, पण त्या रात्री हजार रुपये कोणीतरी पदरचे घालावेच लागले. तेव्हापासून आमच्याकडे पैसे फक्त क्यूआर स्कॅन करून यायचे, नंबर शोधून पाठवायचे नाहीत. छापलेला क्यूआर डब्याच्या झाकणावर चिकटवलाय.

एक गोष्ट इथेच. खेळणाऱ्यांनी आपसात चिप्स विकणं, म्हणजे "मला दोनशेच्या दे, तुला फोनपे करतो", बंद करा. त्याने पेटीची एकूण बेरीज बिघडत नाही, म्हणून बँकरला पत्ताही लागत नाही. पण वहीत दोघांची नावं खोटी होतात. "पेटी जुळते, माणूस जुळत नाही" हे लक्षण दिसलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो, "आपसात कोणी दिले-घेतले का?" विचारल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात, आणि मग आठवतं.

पाचवं: तरीही सापडलं नाही तर

पंधरा मिनिटं शोधा, त्यापुढे नाही. त्यानंतर सापडत नाही, फक्त जुनी उणीदुणी निघतात. तूट जिंकलेल्यांत त्यांच्या जिंकण्याच्या प्रमाणात वाटा. समजा तिघं जिंकलेत: चोवीसशे, बाराशे आणि चारशे, एकूण चार हजार. तूट तीनशे. पहिल्याचे १८०, दुसऱ्याचे ९०, तिसऱ्याचे ३० कापा. वहीत लिहा, सगळ्यांसमोर. हरलेल्यावर टाकू नका, तो आधीच रिकामा आहे. बँकरवरही टाकू नका, पुढच्या शनिवारी पेटी धरायला कोणी मिळणार नाही. हा नियम खेळ सुरू होण्याआधी सांगून ठेवायचा असतो. तूट आल्यावर सांगितला तर तो नियम वाटत नाही, दंड वाटतो.

तूट एका बाय-इनपेक्षा मोठी असेल तर हे वाटप लागू करू नका. पुढचा डाव थांबवा आणि कारण सापडेपर्यंत टेबल लावू नका.

सहावं: हातावरून भांडण

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण पोकरचे नियम कुठेही मिळतात. दोन गोष्टी मात्र आपल्याकडे हमखास नडतात, कारण आपण सगळे गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळून मोठे झालोय.

पहिली, हात चालू असताना खिशातून पैसे काढणं. तीन पत्तीत चाल परवडत नसेल तर माणूस पाकीट उघडतो, अंगठीवर हात जातो, कोणी शेजाऱ्याकडून हातउसने घेतो. पोकरमध्ये हात सुरू होताना टेबलावर जे आहे तेवढ्याचाच खेळ. ना खिशातलं आत येणार, ना टेबलावरचं जिंकलेलं खिशात जाणार. हा एक नियम पाळला तर मोठी कर्जं तयारच होत नाहीत. एका हातात माणूस जास्तीत जास्त समोरचा ढीग हरतो, घर हरत नाही.

दुसरी, साइड पॉट. तिघं हातात आहेत, एकाकडे ३००, दुसऱ्याकडे ७००, तिसरा १,००० लावतो. पहिले दोघं ऑल-इन, म्हणजे समोरचं सगळं लावून बसलेले. मुख्य पॉट तिघांचे प्रत्येकी ३००, म्हणजे ९००. उरलेल्या दोघांचे प्रत्येकी ४००, म्हणजे ८०० चा साइड पॉट. तिसऱ्याचे जास्तीचे ३०० त्याला लगेच परत. पहिल्याचे पत्ते कितीही भारी असोत, त्याला ९०० च मिळतात. साइड पॉटवर त्याचा हक्क नाही, कारण तिथे त्याने काही लावलेलंच नाही. भांडण होतं कारण सगळा ढीग मध्ये एकत्र ओतलेला असतो. ऑल-इन झाल्या झाल्या दोन ढीग वेगळे करा, पुढचा पत्ता उघडण्याआधी.

वाद झालाच तर पत्ते गोळा करू देऊ नका, जसेच्या तसे पडू द्या. त्या हातात नसलेला कोणी एक निर्णय देईल, तो त्या रात्रीपुरता शेवटचा. चुकला तरी. पत्ते उघडे पडले असतील तर तोंडाने काय म्हटलं त्याला किंमत नाही, पत्ते काय आहेत ते बघायचं. आणि उलटे फेकून गठ्ठ्यात मिसळलेले पत्ते मेले, "माझ्याकडे फ्लश होता" याला पुरावा नाही.

सातवं: उधारीच्या चिप्स

आता मूळ दुखण्यावर येतो. वरचं सगळं ज्यामुळे घडतं त्यातलं बहुतेक एकाच ठिकाणाहून येतं: पेटीत पैसा पडायच्या आधी चिप बाहेर पडते. "लिहून ठेव रे, मी कुठे पळून जातोय." नाही पळत. पण त्या क्षणापासून टेबलावर पाचशेच्या अशा चिप्स फिरतात ज्यांच्यामागे रोख नाही. त्या कोणाकडे जातील ते कोणालाच माहीत नसतं. बाराला एकजण जिंकून उठतो, पेटीतली खरी रोख घेऊन जातो. दोनला उठणाऱ्याच्या वाट्याला पेटीत कागदाच्या चिठ्ठ्या उरतात. तो जिंकला एकाकडून, आणि वसुली करायची तिसऱ्याकडून, ज्याच्याशी तो एक हातही खेळलेला नाही. चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत गेलेल्यांनी बघितलं असेल, काउंटरवर आधी पैसे, मग चिप्स. तिथे कोणी "लिहून ठेव" म्हणत नाही.

उपाय सरळ आहे आणि त्याला वाईटपणा घ्यावा लागतो. रोख किंवा खात्यात जमा, नाहीतर चिप्स नाहीत. जावई असो, सासरा असो, ज्याच्या घरी खेळतोय तो मालक असो. बँकर शक्यतो त्या घरचा नसावा, घरच्याला पाहुण्याला नाही म्हणणं जड जातं. रिबायची मर्यादा आधी ठरवा. आमच्याकडे पाचशेचा बाय-इन, पाच-दहाचे ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायचीच रक्कम), आणि रात्रीत तीन रिबाय. चौथा मागितला तर चहा मिळतो.

काही टेबलांवर रोख अजिबात नसते, शेवटी सगळा हिशोब फोनवर. त्यांच्यासाठी एवढंच: प्रत्येकाचा निव्वळ आकडा काढा, बेरीज शून्य येते का बघा, आणि सर्वांत जास्त हरलेल्याने सर्वांत जास्त जिंकलेल्याला द्यायचं, तिथून खाली. वरच्याच उदाहरणात जिंकलेले २,४००, १,२०० आणि ४००, हरलेले २,०००, १,५०० आणि ५००. दोन हजारवाला पहिल्याला पूर्ण देतो. दीड हजारवाला पहिल्याला ४०० आणि दुसऱ्याला १,१००. पाचशेवाला दुसऱ्याला १०० आणि तिसऱ्याला ४००. सहा माणसांत पाच व्यवहार, याहून जास्त कधी लागत नाहीत. व्यवहार उठायच्या आधी, तिथेच. "सकाळी" म्हटलं की सकाळी नेटवर्क नसतं.

जुनं येणं अडकलं असेल तर चारचौघांत काढू नका. दिवसा, एकट्याने, त्याच्या दुकानात किंवा चहाच्या टपरीवर बोला. घरी जाऊ नका, वहिनींच्या कानावर घालण्याची धमकी तर मुळीच देऊ नका. हप्ते पाडून घ्या, व्याज लावू नका, आणि फिटेपर्यंत त्याला टेबलावर बसू देऊ नका. हे शेवटचं सर्वांत अवघड, कारण तो म्हणतो, "खेळूनच फेडतो की." तारण म्हणून गाडीची कागदपत्रं, सोनं, सही केलेला कोरा चेक, काहीही घेऊ नका. ते घेतलं की तुमचा मैत्रीचा डाव राहत नाही.

इथे हात थांबवा

कोर्टात वसुली करायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा, आणि उत्तर ऐकून नाराज होऊ नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो आणि पैजेत जिंकलेलं वसूल करायला दावा लावता येत नाही. चिठ्ठीवर "हातउसने" लिहून घेतलं म्हणून ते हातउसने होत नाही, समोरचा वकील हेच पहिलं काढतो. तेवढ्या रकमेचं नुकसान सोसा, माणूस ओळखला समजा.

कोणी प्रत्येक पॉटमधून नाल, म्हणजे जागेचा हिस्सा, काढायला लागला, किंवा बसायची फी घ्यायला लागला, तर त्या दिवशी उठा. कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ मध्ये जुगाराचा अड्डा कशाला म्हणायचं हे ठरवताना जागेच्या मालकाला त्यातून नफा होतो का ही गोष्ट मध्यवर्ती आहे. कलम ७९ अड्डा चालवणाऱ्याला, कलम ८० तिथे सापडलेल्याला. कलम १७६ कौशल्याच्या खेळांना यातून वगळतं, आणि पोकर कौशल्याचा खेळ म्हणून खेळला तर परवाना लागत नाही असं कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटलं होतं. पण गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला जुगारच ठरवलं, तेव्हा "पोकर कायदेशीर आहे रे" हे छातीठोक वाक्य माझ्या टेबलावर चालत नाही. तीन पत्तीला तर तेही छत्र नाही. १९६८ साली रमीला कौशल्याचा खेळ म्हणताना सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ नशिबाच्या खेळाचं उदाहरण दिलं ते तीन पत्त्यांचंच. सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडे गेलं की महाराष्ट्राचा कायदा लागतो, तो वेगळा. सीमेपलीकडच्या शेतघरी डाव हलवून काही सुटतं असं समजू नका. आणि ॲपवर पैसे लावून खेळणं २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झालंय, तिथे कौशल्य की नशीब हा प्रश्नही विचारला जात नाही. अनोळखी माणसं यायला लागली, नाल सुरू झाली किंवा पोलिसांचा फोन आला, तर हिशोबाची वही घेऊन वकिलाकडे जा, मध्यस्थाकडे नको.

वसुलीसाठी कोणी दमदाटी करत असेल, दारात माणसं आणून उभी करत असेल, तर ११२. मीटर बड्डीवाल्याकडून (भरमसाट व्याजाने पैसे देणाऱ्याकडून) पैसे घेऊन कोणी टेबलावर बसलाय असं कळलं तर त्याच रात्री त्याचा खेळ थांबवा. भरमसाट व्याजाविरुद्ध कर्नाटकात २००४ चा कायदा आहे, तक्रार करता येते, आणि ती त्याने एकट्याने करू नये, सोबत वकील किंवा घरचं कोणीतरी हवं.

राहिला तो माणूस, ज्याच्या नावापुढे वहीत दर आठवड्याला तीनही रिबाय असतात, जो हरल्यावर टेबल मोडू देत नाही, जो पगाराच्या दिवशी हसरा आणि दहा तारखेनंतर उधार मागणारा असतो. हा हिशोबाचा बिघाड नाही, आणि बँकरच्या हातातला तर नाहीच. त्याला पुढच्या शनिवारी बोलावू नका, आणि का बोलावलं नाही ते एकट्याला सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, भाषा निवडता येते. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, डिम्हान्स, बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. फोन त्यानेच करायला हवा असं नाही, बायको किंवा भाऊही करू शकतात. वहीतली त्याची पानं त्यांनी मागितली तर द्या.